नरसय्या आडम यांची राजकीय कारकीर्द : सोलापूरच्या कामगार चळवळीच्या संदर्भात काही विचार

महाराष्ट्रातील साम्यवादी चळवळीचा इतिहास म्हणून जे काही आजवर लिहिले गेले आहे, ते बहुतांशी मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आहे. श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, डॉ. गंगाधर अधिकारी, एस. एस. मिरजकर ही नावे त्यात पुनःपुन्हा येतात; १९२८ चा प्रदीर्घ संप, मीरतचा खटला, १९४३ नंतरचे पक्षांतर्गत वाद, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन असा त्याचा ठरीव क्रम असतो. ग्रामीण बाजूने पाहावयाचे झाल्यास ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा लढा व गोदावरी परुळेकर यांचे कार्य यांची जोड त्यास देण्यात येते. सोलापूर मात्र या इतिहासात एकदाच डोकावते, आणि तेही १९३० च्या मे महिन्यातील चार दिवसांपुरते. वास्तविक १८७७ पासून सूतगिरणीचा भोंगा ऐकत आलेले, तेलुगू, कानडी, मराठी आणि दख्खनी या चार भाषांत संप करणारे हे शहर स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावयास हवे. प्रस्तुत निबंधात या शहरातील एका नेत्याच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते नरसय्या आडम यांच्या, राजकीय कारकिर्दीचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्यांचे चरित्र लिहिण्याचा येथे उद्देश नाही. ज्या पक्षाला महाराष्ट्राच्या विधानसभेत दोन आकडी संख्या कधीही गाठता आली नाही, त्या पक्षाच्या उमेदवारास सोलापूर शहराने १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा निवडून दिले. हे कसे घडले, आणि जे घडले ते साम्यवादी राजकारणाच्या कोणत्या खात्यावर जमा धरावयाचे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची वार्ता आल्यानंतर सोलापुरात जो उठाव झाला, त्याचा उल्लेख पुष्कळदा ‘सोलापूर कम्यून’ असा केला जातो. ८ मे रोजी गोळीबार झाला, संतप्त जमावाने पोलीस चौक्या व न्यायालयाची इमारत पेटवून दिली, सरकारी अधिकारी शहर सोडून गेले, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला जाईपर्यंत शहराची व्यवस्था स्वयंसेवकांच्या हाती राहिली. या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ‘कम्यून’ या शब्दाने पॅरिसची आठवण होते व त्यामुळे हा उठाव साम्यवाद्यांनी घडवून आणला असावा असा समज होतो. तो यथार्थ नाही. चळवळीचे नेतृत्व काँग्रेसच्या मंडळींकडे होते. परंतु रस्त्यावर उतरलेला जनसमुदाय मोठ्या प्रमाणावर गिरणी कामगारांचा होता, आणि हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे कामगारांत वावरणारे व ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे कार्यकर्ते होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. सोलापूरच्या कामगाराच्या मनात राष्ट्रीय लढा आणि मजुरीचा लढा हे एकमेकांपासून फारसे विलग नव्हते. पुढे १९३४ च्या संपानंतर लाल बावट्याची संघटना येथे दृढ झाली, तिची मुळे याच भूमीत आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे लोकसभेवर निवडून आले. काँग्रेसच्या भर मध्यान्हीच्या काळात या शहराने व त्याच्या परिसराने दोन्ही जागी काँग्रेसेतर उमेदवार पसंत करावेत, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

येथवर गिरण्यांचा विचार झाला. तथापि आडम यांच्या राजकारणाचा पाया गिरणीत नाही, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. यास दोन कारणे झाली. पहिले कारण कायद्याचे आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड धंद्यात एकाच ‘प्रातिनिधिक’ संघास मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार दिला. हा अधिकार ज्या संघाकडे जाई त्याच्या बाहेरील संघटनेस, तिच्यामागे कितीही कामगार असोत, कायद्याच्या दृष्टीने स्थानच उरत नसे. मुंबईत याचा परिणाम काय झाला हे १९८२ च्या डॉ. दत्ता सामंत यांच्या संपात सर्वांनी पाहिले: लाखो कामगार एका नेत्यामागे उभे राहिले, परंतु करार करण्याचा हक्क दुसऱ्याच संघाकडे राहिला. दुसरे कारण खुद्द गिरण्यांच्या ऱ्हासाचे. सोलापूरची सर्वांत जुनी गिरणी, जिला शहर ‘जुनी गिरणी’ याच नावाने ओळखते, ती १९६३ मध्ये बंद पडली; आणि शतक संपता संपता इतर मोठ्या गिरण्यांचीही तीच गत झाली. मोठ्या गिरणीच्या फाटकाशी सभा घेऊन हजारो कामगारांस एकाच वेळी संबोधण्याचे दिवस सरले.

गिरणीच्या जागी जे आले ते यंत्रमाग आणि विडी. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. निजामी मुलखातील दुष्काळ व हातमागाची पडती स्थिती यांमुळे हे लोक टप्प्याटप्प्याने सोलापुरात आले, प्रथम हातमागावर बसले आणि मग यंत्रमागाकडे वळले. सोलापुरी चादर व टॉवेल ही त्यांच्याच हातची निर्मिती. यंत्रमागाचा कारखाना म्हणजे बहुधा एक लहानसे शेड. त्यात थोडेसे माग, मागावर पाळीने उभे राहणारे मजूर, आणि कांड्या भरणाऱ्या स्त्रिया. मजुरी कामाच्या मापाने. १९४८ चा कारखाने कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांच्या मर्यादेपासून लागू होत असे, आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांच्या मर्यादेपासून. धंदा लहान लहान शेडांत विभागला गेला की या दोन्ही कायद्यांची छाया त्याजवर पडत नसे. त्यामुळे येथील कामगार नेत्याचे पहिले काम संप पुकारण्याचे नसून, हा मनुष्य कोणाचा तरी कामगार आहे एवढे सिद्ध करण्याचे असते. वरवर पाहता हे काम वकिलाचे वाटेल; वस्तुतः ते संघटनेचेच आहे, कारण साक्ष देणारा मजूर दुसऱ्या दिवशी कामावर राहील याची हमी संघटनेखेरीज कोणीही देऊ शकत नाही.

विडी कामगारांचा प्रश्न तर याहून अवघड. सोलापुरात विडी वळण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रिया करतात. कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू मोजून घरी आणावयाची, पाने भिजवून कापावयाची, विड्या वळावयाच्या, त्यांचे कट्टे बांधून परत नेऊन द्यावयाचे, आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची, असा तो क्रम. परत केलेल्या मालातून काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. पाने कमी भरली तर ती पदरमोड करून विकत घ्यावी लागतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीसही कामगार मानले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात तो कायदा वैध ठरविला. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्याची तरतूद झाली. या तिन्ही गोष्टी पुढे सोलापुरात किती महत्त्वाच्या ठरल्या हे लवकरच दिसून येईल.

पूर्व भागातील एकाच घरात नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर आणि सासू कांड्यांवर अशी स्थिती सर्रास आढळते. तेव्हा या भागातील लाल बावट्याची संघटना ही एका धंद्याची संघटना न राहता घराची संघटना झाली. पक्षफुटीनंतर, म्हणजे १९६४ नंतर, महाराष्ट्रातील कामगार संघटनांचा मोठा भाग डांगे यांच्यासमवेत भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडे राहिला. १९७० मध्ये कलकत्त्यास ‘सीटू’ची स्थापना झाली व रणदिवे तिचे पहिले अध्यक्ष झाले, परंतु ज्या मुंबईत रणदिव्यांची हयात गेली तेथे या नव्या संघटनेस गिरणी धंद्यात फारसे स्थान मिळाले नाही. तिला वाव मिळाला तो जेथे जुन्या संघटनांचे लक्ष नव्हते अशा विस्कळीत धंद्यांत. सोलापूरचे यंत्रमाग आणि विडी ही त्याची उत्तम उदाहरणे होत. आडम हे याच तेलुगूभाषक विणकर समाजातील. शहर त्यांना ‘आडम मास्तर’ म्हणून ओळखते. कामगाराच्या भाषेत बोलणारा, त्याच्याच आळीत राहणारा नेता ही या चळवळीची खरी शक्ती होती. मुंबईच्या चळवळीत पुढाऱ्यांची एक पिढी मध्यमवर्गातून, महाविद्यालयातून आली होती. त्यांनी कामगारांसाठी जे केले ते थोरच, परंतु त्यांना कामगारवस्तीत प्रवेश करावा लागला. सोलापूरच्या या नेत्यास त्या प्रवेशाची गरज नव्हती.

१९७८ च्या निवडणुकीत आडम प्रथम विधानसभेवर निवडून गेले. त्या विजयामागे स्थानिक कार्य होते हे खरेच. पण कालमान अनुकूल होते हेही मान्य केले पाहिजे. आणीबाणीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाने इंदिरा गांधींच्या सरकारास पाठिंबा दिला होता, मार्क्सवादी पक्षाने विरोध केला होता. याचे फळ त्यास जनता पक्षाशी झालेल्या सहकार्याच्या रूपाने मिळाले व महाराष्ट्रात त्याचे नऊ आमदार निवडून आले. ही त्या पक्षाची राज्यातील सर्वोच्च संख्या होय. मात्र ती विधानसभा अल्पायुषी ठरली. वसंतदादा पाटलांचे सरकार पडले, शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये तेही बरखास्त होऊन विधानसभाच विसर्जित झाली. पुढे पंधरा वर्षे आडम यांना सभागृहात स्थान नव्हते. निवडणुकीचा इतिहास लिहिणारा या पंधरा वर्षांवरून सहज उडी मारील. आमच्या मते कारकिर्दीचा खरा घडणीचा काळ तोच आहे. आमदारकी नसताना जी संघटना टिकून राहते, तिचे मूळ निवडणुकीत नसून अन्यत्र असते एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

१९९५ मध्ये शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती सत्तेवर आली. त्या लाटेत सोलापूर शहर दक्षिणने मार्क्सवादी पक्षाचा उमेदवार निवडला; राज्यात या पक्षाच्या वाट्यास त्या वेळी अवघ्या तीन जागा आल्या होत्या. २००४ मध्येही पक्षाचे तीनच आमदार होते, आणि त्यांतील सुरगाणा व जव्हार हे दोन मतदारसंघ आदिवासी भागातील होते. नागरी महाराष्ट्रातून आलेला मार्क्सवादी आमदार म्हणजे सोलापूरचा. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर या शहरांतील लाल बावट्याचे बुरूज ढासळत असता एका विणकरवस्तीने तो राखला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आता या कारकिर्दीतील मुख्य प्रकरणाकडे वळू. ते म्हणजे घरांचे. विडी वळणाऱ्या स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. दहा फुटांच्या भाड्याच्या खोलीत पाने भिजत ठेवलेली, तंबाखूची धूळ उडत असलेली, पोरे तेथेच निजलेली, असे ते घर. गिरणी कामगार स्वच्छ हवा व प्रकाश यांची मागणी गिरणीच्या मालकाकडे करू शकतो. या स्त्रीने ती कोणाकडे करावी? घराची मागणी ही येथे दानधर्माची अथवा नगरसुधारणेची मागणी नसून कामाच्या जागेची मागणी आहे, म्हणजेच शुद्ध कामगार मागणी आहे. हा मुद्दा एकदा पटला की साम्यवादी संघटनेने आपली शक्ती सहकारी गृहनिर्माण संस्थेत का घातली याचे कोडे उलगडते. विडी कामगार कल्याण निधीतून घरबांधणीस अनुदान मिळण्याची सोय होती. केंद्राचे अनुदान, राज्याचा वाटा आणि स्त्रियांची स्वतःची बचत अशी तिहेरी मांडणी करून शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी गावाच्या शिवारात, गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारल्यांत काम करणाऱ्या नेत्रीचे नाव विणकरांच्या वसाहतीस दिले जावे यात पक्षपरंपरेची जाण दिसते. पुढील एका संस्थेस सोलापूरच्या कामगारांत काम केलेल्या मीनाक्षीताई साने यांचे नाव देण्यात आले.

२००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते गोदूताई वसाहतीतील घरे कामगार स्त्रियांच्या स्वाधीन करण्यात आली. या घटनेचा राजकीय संदर्भ विसरता कामा नये. २००४ पासून केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते, आणि २००८ च्या जुलैत अणुकराराच्या प्रश्नावर तो पाठिंबा काढून घेण्यात आला. कुंभारीचा समारंभ या दोहोंच्या मधला. राष्ट्रीय पातळीवरील शक्तीचा तोल काही काळ अनुकूल असता स्थानिक संघटनेने तो आपल्या मागणीच्या पूर्तीकरिता वापरला. त्या चार वर्षांत पक्षाने देशपातळीवर काय मिळविले वा गमावले याविषयी मतभेद होऊ शकतील. सोलापुरात त्याचा पुरावा विटांमध्ये पाहावयास मिळतो.

परंतु याच विटांनी एक वेगळाच परिणाम घडवून आणला असावा, असे आम्हांस वाटते. वसाहत उभी राहिली ती शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. ज्या कुटुंबांनी तेथे वास्तव्य केले व आपली नावे तेथील मतदार यादीत नोंदविली, ती नेत्याच्या शहरी मतदारसंघातून बाहेर गेली. २००९ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली, शहर दक्षिण जाऊन शहर मध्य आला, आणि त्यात काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी आडम यांचा पराभव केला. २०१४ आणि २०१९ मध्येही निकाल तोच राहिला. पराभवाचे सर्व श्रेय स्थलांतराच्या माथी मारणे सयुक्तिक होणार नाही. नव्या मतदारसंघाची सामाजिक घडण निराळी होती. धर्म व जात यांच्या आधारे मते मागणारे पक्ष बलवान झाले होते. आणि मजुरीसाठी लाल बावट्याकडे जाणारा मनुष्य मतासाठीही तेथेच जाईल, हा नियम कोठेच नाही. तरीही आपल्या सर्वांत मोठ्या कार्याने आपलाच मतदार आपल्यापासून दूर वसविला जावा, हा योग अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखा आहे.

गोदूताई वसाहतीनंतर संघटनेने याहून मोठा संकल्प केला: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरे. मूळ कल्पना संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळातील राजीव आवास योजनेवर आधारलेली. त्या योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच वसाहतीस ‘रे नगर’ हे नाव पडले. सरकार बदलले, योजना बदलली, आणि काम प्रधानमंत्री आवास योजनेखाली आले. नाव मात्र राहिले. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सोलापुरात या प्रकल्पाची पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च सुमारे १,८११ कोटी रुपये असल्याचे व त्यातील ७५० कोटी रुपये केंद्र व राज्य यांच्या साहाय्याचे असल्याचे त्या वेळी सरकारने जाहीर केले. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, रिक्षाचालक, कचरा वेचणारे असे नाना धंद्यांतील लोक त्याचे लाभार्थी. या समारंभात आडम यांनी पंतप्रधानांविषयी व मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याविषयी प्रशंसापर उद्गार काढले. आडम या वेळी पक्षाचे महाराष्ट्र राज्य सचिव व केंद्रीय समितीचे सदस्य होते. लोकसभेची निवडणूक काही आठवड्यांवर आली होती. पक्षाच्या केंद्रीय समितीने मार्च २०१९ मध्ये त्यांना तीन महिन्यांसाठी समितीतून निलंबित केले.

या प्रसंगाकडे वृत्तपत्रांनी बहुधा विनोदाच्या दृष्टीने पाहिले. अभ्यासकाने तसे करू नये. साम्यवादी चळवळीत हा पेच नवा नाही, आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण वेल्समधील आहे. आर्थर हॉर्नर हा दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींतील कामगार नेता. १८९४ साली मर्थर टिडव्हिल येथे जन्मलेला, ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापक पिढीतील, आणि ऱ्होंडा खोऱ्यातील मार्डी या गावी कामगारांनी निवडलेला. मार्डीस लोक ‘छोटे मॉस्को’ म्हणत. १९३१ च्या आरंभी दक्षिण वेल्समध्ये संप झाला, तेव्हा मान्यताप्राप्त संघास बाजूस सारून स्वतंत्र नेतृत्व उभे करावे असे पक्षाचे धोरण होते. हॉर्नरला ते मान्य झाले नाही. संघ दुबळा असेल, त्याचे पुढारी नेमस्त असतील, तरी खाणकामगारांची एकजूट त्या संघातच आहे व ती मोडणे हा गुन्हा ठरेल, अशी त्याची धारणा होती. पक्षाने त्याच्यावर ठपका ठेवला आणि या प्रवृत्तीस ‘हॉर्नरिझम’ असे नावही दिले. प्रकरण मॉस्कोपर्यंत गेले. हॉर्नरने काही चुका मान्य केल्या, पक्ष सोडला नाही, आणि पक्षानेही त्यास घालविले नाही. १९३२ मध्ये एका कामगाराच्या घरातील जप्ती रोखण्याच्या प्रकरणी त्यास पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. १९३६ मध्ये तोच हॉर्नर दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघाचा अध्यक्ष झाला, आणि १९४६ ते १९५९ पर्यंत सबंध ब्रिटनच्या राष्ट्रीय खाणकामगार संघाचा सरचिटणीस. त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्याच काळात, १ जानेवारी १९४७ रोजी, कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले.

दोहोंतील साम्य उघड आहे. दोघांचेही बळ संघटनेत, दोघांनाही पक्षाची शिस्त भोगावी लागली, दोघांनीही पक्ष सोडला नाही. परंतु भेद अधिक उद्बोधक आहेत. हॉर्नरला ठपका मिळाला तो पक्षाने सांगितलेला लढा न लढल्याबद्दल. आडम यांना मिळाला तो प्रतिपक्षाच्या नेत्याविषयी बरे बोलल्याबद्दल. पहिला प्रश्न डावपेचाचा, दुसरा शब्दाचा. म्हणून दुसरा क्षुल्लक ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. संघटनेच्या दृष्टीने पाहिले तर तीस हजार कुटुंबांच्या घरांची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलणे हा व्यवहार आहे; सोलापूरच्या यंत्रमाग मालकाशी करार झाल्यावर त्यासही कोणी शिव्या देत नाही. पक्षाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या सत्तेविरुद्ध देशभर मोहीम चालू आहे, तिच्या प्रमुखास राज्य सचिवानेच प्रशस्तिपत्र द्यावे हे मोहिमेच्या मुळावर येणारे आहे. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे साधन पक्षाच्या घटनेत नाही. तीन महिन्यांचे निलंबन हा शिक्षेचा आकारच सांगतो की पक्षासही हे ठाऊक होते: त्याने दोष दिला, परंतु माणूस राखला.

आणखी एक भेद आहे. हॉर्नरने १९३३ च्या पोटनिवडणुकीत ऱ्होंडा पूर्वमधून संसदेसाठी उमेदवारी केली व तो हरला. १९४५ मध्ये त्याच मतदारसंघात पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट अवघ्या ९७२ मतांनी पडले. जेथे कामगार साम्यवाद्यास आपल्या संघाचा अध्यक्ष करीत होता, तेथेही तो त्यास संसदेत पाठवीत नव्हता. ते मत मजूर पक्षास जाई. सोलापूरने तीन वेळा साम्यवाद्यास विधानसभेत पाठविले. याचे एक कारण असे सांगता येईल की वेल्समध्ये कामगारांचा स्वतःचा म्हणता येईल असा दुसरा मोठा पक्ष होता, सोलापुरात तो नव्हता. दुसरे कारण कायद्याच्या स्वरूपात आहे. वेल्सच्या खाणकामगाराचा मालकाशी प्रत्यक्ष सौदा होत असे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीच्या बाबतीत किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपकर, घराचे अनुदान यांतील प्रत्येक गोष्ट शासनाच्या दारातून येत असे. अशा कामगारास आमदार हा केवळ प्रतिनिधी नसतो. तो संघटनेचाच एक हात असतो. म्हणूनच हा हात आखूड पडला की कामगार दुसरा लांब हात शोधू लागतो, आणि तो कोणत्या पक्षाचा आहे हे नेहमीच पाहत नाही.

साम्यवादी सिद्धांताच्या चौकटीतून या कारकिर्दीवर आक्षेप घेणारे आहेत. घर मिळाले की कामगार मालमत्तेचा धनी होतो, कर्जाचे हप्ते भरू लागतो, आणि लढ्यापासून दूर जातो, हा एंगेल्सच्या काळापासून चालत आलेला युक्तिवाद आहे. १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगेल्सने कामगारास घराशी बांधून टाकणाऱ्या योजनांवर कठोर टीका केली होती. ही टीका गिरणी कामगारास उद्देशून आहे; घर व कारखाना ज्याचे वेगळे आहेत त्याच्याविषयी ती आहे. ज्या स्त्रीचा कारखानाच तिच्या घरात आहे, तिच्या बाबतीत घराचा हक्क म्हणजे कामाच्या जागेवरील हक्क ठरतो. एंगेल्सपुढे सोलापूरची विडी कामगार स्त्री नव्हती, आणि ती ज्यांच्यापुढे होती त्यांनी आपला निर्णय घेतला.

रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा पंतप्रधान मोदी यांच्याच हस्ते सुपूर्त करण्यात आली. कुंभारीच्या शिवारात अठरा वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी पक्षांचे पंतप्रधान एका साम्यवादी संघटनेने उभारलेल्या वसाहतींच्या किल्ल्या देण्यास आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झालेल्या विधानसभा निवडणुकीत आडम सोलापूर शहर मध्यमधून पुन्हा उभे राहिले. ती जागा भारतीय जनता पक्षाचे देवेंद्र कोठे यांनी जिंकली.